लग्नाआधीचा मार आणि सुटलेलं कॉलेज



सासरच्या छळावर आपण या कार्यक्रमात पुष्कळदा बोललो. हुंड्यावर बोललो, दारूवर बोललो. आज मात्र वेगळी गोष्ट आहे. लग्न झालेलंच नाही. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सकाळच्या एसटीने तालुक्याला जाते. तिला मारणारा, तिचा फोन हिसकावून बघणारा, ‘माझ्याशी बोलली नाहीस तर तुझे फोटो सगळ्यांना पाठवीन’ म्हणणारा कुणी तरी तिच्या ओळखीचा मुलगा आहे. कधी ती त्याच्यावर प्रेम करत होती, कधी केलंच नव्हतं, कधी आधी केलं आणि मग नको झालं.

या हिंसेला आपल्या बोलीत धड नावसुद्धा नाही. इंग्रजीत तिला डेटिंग व्हायोलन्स म्हणतात. आपल्याकडे वर्तमानपत्रं ‘एकतर्फी प्रेम’ लिहितात, पोलीस ‘छेडछाड’ म्हणतात आणि घरचे ‘लफडं’ म्हणतात. तिन्ही शब्द ऐकून बघा. मार कुठेच दिसत नाही. पहिल्यात प्रेम दिसतं, दुसऱ्यात मस्करी दिसते, आणि तिसऱ्यात तर मुलीचाच दोष दिसतो. हे असं का झालं, आणि कायद्याने या मुलींकडे कधी आणि कसं पाहिलं, त्याचा इतिहास आज सांगायचा आहे. तो बराचसा आपल्या महाराष्ट्रातच घडलेला आहे.

सुरुवात इंग्रजांच्या काळापासून करावी लागते. भारतीय दंड संहिता 1860 साली झाली. तिच्यात 354 कलम होतं, ‘विनयभंग’. शब्द नीट पाहा. बाईला इजा झाली, ती घाबरली, तिचं काम सुटलं, तिचं शिक्षण सुटलं, यातलं काही त्या शब्दात येत नाही. भंगतो तो विनय. म्हणजे आधी तिच्यात विनय होता की नव्हता, हाच प्रश्न कोर्टात पहिल्यांदा उभा राहणार. ज्या मुलीची एखाद्या मुलाशी मैत्री होती, ती या प्रश्नाला काय उत्तर देणार?

याचं सगळ्यात कडू उदाहरण आपल्या विदर्भातलं आहे. 1972 साल, देसाईगंज. आज ते गडचिरोली जिल्ह्यात येतं, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. मथुरा नावाने ओळखली गेलेली एक आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. आईबाप नव्हते, ती मजुरी करत होती. एका तरुणावर तिचं प्रेम होतं, लग्न करायचं ठरलं होतं. भावाला ते पसंत नव्हतं, म्हणून त्याने पोलिसांत तक्रार दिली की बहिणीला पळवून नेलंय. सगळ्यांना चौकीत बोलावलं. बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि मुलीला आत थांबवून घेतलं. पुढे तिने दोन पोलिसांवर अत्याचाराचा आरोप केला. हा खटला बहुतेकींना ऐकून माहीत असतो. पण ती त्या चौकीत गेली होती ती स्वतःच्या प्रेमसंबंधाबद्दलच्या तक्रारीमुळे, हे सहसा कुणी सांगत नाही. आणि खालच्या कोर्टात तिच्याविरुद्ध तेच वापरलं गेलं. हिला संबंधांची सवय आहे, म्हणजे हिची संमतीच असणार, असा सूर होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या दोघांना दोषी धरलं, पण 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं.

1979 साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. घाबरून गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. त्या पत्रामुळे 1980 च्या महिला दिनाला ठिकठिकाणी मोर्चे निघाले, मुंबईत बायकांचा मंच उभा राहिला, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. त्याच वर्षी 498-अ कलम आलं, नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचं. पाठोपाठ 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्यात समाजकार्यकर्ती बसलेली असणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती.

हे सगळं मोठं काम होतं. आपल्यातल्या कितीतरी जणींचा संसार किंवा जीव त्या 498-अ ने वाचवला. पण त्या कलमाचं दार लग्नातून उघडतं. मंगळसूत्र असेल तर छळ मोजला जाणार. अनोळखी माणसाने अंगावर हात टाकला तर विनयभंग. या दोघांच्या मधली मुलगी, म्हणजे ओळखीच्या मुलाकडून मार खाणारी, धमक्या ऐकणारी, पण बायको नसलेली, तिला त्या कागदांत जागाच नव्हती.

मग 1990 साल आलं. मार्च महिना, उल्हासनगर. दहावीची परीक्षा चालू होती. नकार मिळालेला एक तरुण साथीदारांना घेऊन परीक्षेच्या वर्गात शिरला, बाकीच्यांना बाहेर घालवलं, आणि त्या मुलीला तिथेच जाळलं. आपल्यापैकी ज्या त्या सुमारास दहावी-बारावीला होत्या त्यांना ते दिवस आठवत असतील. मुलगी कुठे निर्जन रस्त्यावर नव्हती, रात्रीची वेळ नव्हती, कुणाबरोबर फिरायला गेली नव्हती. परीक्षेला बसली होती. ‘मुलींनी जपून राहावं’ हे वाक्य जर कुठल्या एका जागी खोटं ठरलं असेल तर त्या वर्गात. तरीही त्यानंतर आपल्या घराघरांत काय झालं? मुलींवरच नजर वाढली. त्याच दशकात सांगलीला भररस्त्यात एका कॉलेजच्या मुलीचा खून झाला, तेव्हाही तेच. आणि 1993 साली ‘डर’ नावाचा सिनेमा आला. लग्न ठरलेल्या मुलीच्या मागे लागणारा, तिला फोन करकरून जीव नको करणारा माणूस त्यात होता. थिएटरात टाळ्या पडल्या त्या त्याला. आम्ही सिनेमाच्या विरोधात नाही, पण मुलींना हे रोज सोसावं लागत असताना तरुण पोरं त्याची नक्कल करत बस-स्टँडवर उभी राहायची.

इकडे हे होत असताना तिकडे अमेरिकेत काय चाललं होतं तेही थोडक्यात सांगतो, कारण या विषयाचा अभ्यास तिथल्या कॉलेजांत आधी सुरू झाला. 1981 साली जेम्स मेकपीस नावाच्या समाजशास्त्रज्ञाने एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं की, ज्याच्याशी तुमचं जमलंय त्याच्याकडून कधी धक्काबुक्की, थप्पड, मार असं काही झालंय का? पाचातल्या एकाने हो म्हटलं. तोवर लोकांचा समज असा होता की मारहाण लग्नानंतर, गरिबीमुळे, दारूमुळे सुरू होते. ती लग्नाच्या आधी, शिकलेल्या पोरांत, कॉलेजच्या आवारातही असते, हे त्या छोट्या पाहणीने दाखवलं. पुढे 1987 साली मेरी कॉस यांनी 32 कॉलेज-विद्यापीठांतल्या सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची मोठी पाहणी केली. ज्यांच्यावर जबरदस्ती झाली होती त्यातल्या बहुतेकींच्या बाबतीत जबरदस्ती करणारा ओळखीचाच होता. आणि कायद्याने जो बलात्कार ठरतो, तो झालेल्या मुलींपैकी साधारण चौघींत एकीनेच त्याला बलात्कार म्हटलं. बाकीच्यांनी स्वतःशीसुद्धा तो शब्द उच्चारला नव्हता. म्हणजे नाव नसण्याचा प्रश्न फक्त आपल्या गावचा नाही. आणखी पुढे मरे स्ट्रॉस यांनी देशोदेशींच्या विद्यापीठांत हीच चौकशी केली, त्यात भारतातलंही केंद्र होतं. 2004 साली त्यांनी छापलं ते 16 देशांतल्या 31 विद्यापीठांबद्दल होतं. गेल्या वर्षभरात जोडीदारावर हात उचलल्याचं सांगणारे विद्यार्थी सगळीकडे निघाले. जिथे सगळ्यात कमी होते तिथेही शंभरात सतरा.

या पाहणीत मुलीही हात उचलतात असं आढळलं, आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. आम्हाला एवढंच वाटतं की थप्पड कुणी मारली एवढंच मोजून भागत नाही. त्यानंतर कोण घाबरून राहिलं, कोणाला जखम झाली आणि कोणाचं कॉलेज सुटलं, तेही मोजायला हवं.

आता परत आपल्याकडे. कॉलेजच्या मुलींना पहिलं खरं हत्यार मिळालं ते एका खेड्यातल्या बाईमुळे, आणि हे आम्हाला मुद्दाम सांगायचं आहे. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी. त्या ‘साथिन’ होत्या, म्हणजे आपल्याकडच्या आशाताई किंवा बचतगटाच्या सीआरपी ताईंसारख्या सरकारी योजनेत गावपातळीवर काम करणाऱ्या. 1992 साली त्यांनी गावातला एक बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना त्या गुन्ह्यातून सोडलं. पण काम करताना बाईवर अत्याचार झाला तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न घेऊन महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यातल्या एका संस्थेचं नाव विशाखा. 1997 साली निकाल लागला आणि प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असलीच पाहिजे असं कोर्टाने बजावलं. म्हणून आजही आपल्याकडच्या कॉलेजात त्या समितीला ‘विशाखा समिती’च म्हणतात. शहरातल्या कॉलेजच्या पाटीवर जे नाव लिहिलंय, त्याच्या मागे शेतात आणि गावात काम करणारी, कुंभार समाजातली एक बाई आहे.

पुढे 2013 मध्ये त्याचा कायदा झाला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 चे नियम काढून ते विद्यार्थिनींना स्पष्टपणे लागू केले. या नियमांतल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, तक्रारीत विद्यार्थी असतील तर समितीत विद्यार्थ्यांचेही प्रतिनिधी बसले पाहिजेत. दोन, ‘कॉलेजचं आवार’ म्हणजे फक्त भिंतीच्या आतलं नाही. कॉलेजने दिलेली बस, सहलीची, शिबिराची जागा, विद्यार्थी म्हणून मुलगी जिथे गेली ती जागाही त्यात येते. तेव्हा एनएसएसच्या शिबिरात घडलं, ते कॉलेजच्या बाहेर घडलं, असं म्हणून प्राचार्यांना हात झटकता येत नाहीत.

मधल्या काळात 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला आणि 2006 पासून लागू झाला. त्यात लग्न न करता लग्नासारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही संरक्षण मिळालं, हे पुढचं पाऊल होतं. पण 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितलं की लग्नासारखं म्हणजे एका घरात बराच काळ, जगाला नवरा-बायको दिसतील असं राहणं. नुसतं भेटणं, सुट्टीच्या दिवशी एकत्र असणं त्यात येत नाही. म्हणजे आपली कॉलेजची मुलगी पुन्हा दाराबाहेरच.

दार उघडलं ते 2013 साली. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीच्या बसमध्ये जे झालं त्यानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांची समिती नेमली गेली. विशाखाचा निकाल देणारे न्यायमूर्ती हेच. समितीने एका महिन्याच्या आत अहवाल दिला. त्यातून दंड संहितेत नवी कलमं आली, त्यातलं 354-ड म्हणजे पाठलाग. मुलीने नको म्हणून स्पष्ट दाखवलं असतानाही तिच्या मागे मागे जाणं, पुन्हा पुन्हा बोलायला जाणं, फोन-मेसेज करत राहणं, ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं, हा गुन्हा ठरला. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हेच कलम 78 आहे. नंबर लिहून ठेवा. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो कायदाही लागतो.

या कलमात ‘विनय’ हा शब्द नाही. मुलीचं चारित्र्य कसं आहे, पूर्वी तिचं त्याच्याशी जमत होतं का, हे विचारायचं कारणच उरत नाही. तिने नको म्हटलं का, आणि त्यानंतर तो थांबला का, एवढेच दोन प्रश्न. 1860 ते 2013, दीडशे वर्षांहून जास्त काळ लागला त्या दोन प्रश्नांपर्यंत यायला.

पण कागदावरचा कायदा आणि तालुक्याचं पोलीस ठाणं यात अंतर राहतंच. वसईच्या एका तरुणीने 2020 च्या नोव्हेंबरात पोलिसांना लेखी तक्रार दिली होती. बरोबर राहणारा जोडीदार मारतो, तुकडे करून टाकीन म्हणतो, असं तिने त्यात लिहिलं होतं. नंतर तिने ती मागे घेतली. 2022 च्या मे महिन्यात दिल्लीत तिचा खून झाला. हे प्रकरण उघडकीस आलं तेव्हा देशभर चर्चा झाली ती मुलगा कुठल्या धर्माचा याची. आपल्या राज्य सरकारने डिसेंबर 2022 मध्ये समिती नेमली तीही आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवायला. तक्रार मागे घेणाऱ्या मुलीकडे पुन्हा चौकशीला कोण जाणार, हा प्रश्न जागच्या जागी राहिला. मारणारा कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा हे विचारत बसलं की मार बाजूला पडतो. आपल्या जातीतल्या, आपणच पसंत केलेल्या जावयाचा मार आपण किती वेळा झाकला आहे ते आपल्याला ठाऊक आहे.

हिंगणघाटचं तर सगळ्यांना माहीत आहे. 3 फेब्रुवारी 2020, सकाळची वेळ, नांदोरी चौक. पंचवीस वर्षांची तरुण प्राध्यापिका कॉलेजला निघाली होती. तिला पेट्रोल टाकून पेटवलं, 10 फेब्रुवारीला नागपूरच्या दवाखान्यात ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 2022 ला, आरोपीला जन्मठेप झाली. 2023 च्या जूनमध्ये दोन बातम्या लागोपाठ आल्या. वनविभागाच्या अधिकारी पदाच्या परीक्षेत पास झालेल्या एका मुलीचा मृतदेह राजगडाच्या पायथ्याला सापडला आणि ओळखीच्याच तरुणाला अटक झाली. काही दिवसांतच पुण्याच्या सदाशिव पेठेत एका कॉलेजच्या मुलीवर कोयता घेऊन मुलगा धावला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी मध्ये पडून तिला वाचवलं. रस्त्यावर इतर लोकही होते.

बातमी होते ती अशी शेवटच्या टोकाची. एका खुनाच्या मागे शेकडो मुली अशा असतात की ज्यांना कुणी मारून टाकत नाही, फक्त त्यांचं शिक्षण हळूहळू मरतं. ते कसं होतं ते आम्हाला जरा थांबून सांगायचं आहे, कारण आईच्या डोळ्यांसमोर होतं आणि दिसत नाही.

सुरुवात बहुतेक वेळा काळजीसारखी असते. ‘कुठे आहेस, फोटो पाठव.’ मुलीलाही बरं वाटतं, आपली कुणीतरी विचारपूस करतंय. मग ‘त्या मुलाशी का बोललीस’, ‘हा ड्रेस नको’, ‘मैत्रिणींबरोबर जाऊ नको’. मग मोबाइलचा पासवर्ड. मग पहिली थप्पड, आणि थप्पडेनंतर रडून मागितलेली माफी. मुलगी दूर व्हायला लागली की ‘मी हाताची नस कापीन, चिठ्ठीत तुझं नाव लिहीन’. ही धमकी अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला किती जड पडते याची कल्पना करा. रात्री दोन वाजेपर्यंत तिला फोनवर धरून ठेवलं जातं. सकाळी सहाची एसटी पकडायची असते.

झोप नाही, की लक्ष लागत नाही. समोर पुस्तक उघडं आणि कान फोनकडे. भीतीत असलेल्या माणसाचं डोकं धोका ओळखण्यातच गुंतून राहतं. वाचलेलं डोक्यात ठरत नाही. आई म्हणते, पोरगी आळशी झाली. सर म्हणतात, बारावीला चांगली होती, आता काय झालं कुणास ठाऊक. तो ज्या बाकावर बसतो त्या वर्गात ती जायचं टाळते. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जाते. प्रॅक्टिकल बुडतं, कारण प्रयोगशाळेच्या बाहेर तो उभा असतो. मग एटीकेटी लागते. डोकं दुखणं, पोटात गोळा येणं, जेवण कमी होणं, पाळी मागे-पुढे होणं सुरू होतं. दवाखान्यात रक्त तपासतात, हिमोग्लोबिन कमी निघतं, लोहाच्या गोळ्या मिळतात. गोळ्या घ्याव्यातच, पण दुखणं तेवढंच नसतं. काही मुली स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करायचा विचार करू लागतात. असं काही कानावर आलं तर तो नखरा समजू नका. 14416 हा टेली-मानसचा सरकारी फोन नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

भीतीने शिक्षणाची निवडच कशी बदलते, याचा दिल्ली विद्यापीठात गिरिजा बोरकर यांनी अभ्यास केला आहे. तिथे मुलगी चांगलं कॉलेज सोडून कमी दर्जाचं कॉलेज पत्करते, जर त्या कॉलेजचा रस्ता, तिथली बस कमी त्रासाची असेल तर. मुलं अशी तडजोड फारशी करत नाहीत. म्हणजे मार्क असूनही मुलगी मागे, आणि पुढे नोकरीत पगार कमी, तो आयुष्यभर. आपल्याकडे हे शहरापेक्षा सोपं करून टाकलंय आपण: सायन्स तालुक्याला आहे आणि आर्ट्स शेजारच्या गावात आहे, तर मुलीने आर्ट्स घ्यावं.

आणि शेवटी घर. मुलगी का सांगत नाही, असं आपण विचारतो. ती सांगणार तर तिला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, तो मारतो. आणि दुसरी, माझं त्याच्याशी बोलणं होतं. पहिली ऐकायच्या आधी आपण दुसरीवर अडकतो. ‘तू नाद केलास कशाला?’ फोन काढून घेतला जातो, पास जमा होतो, मामाकडे स्थळाची बोलणी सुरू होतात. मारणाऱ्याचं कॉलेज चालूच राहतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2019 ते 2021 दरम्यान दिसलं की, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभर बायकांतल्या 77 जणींनी कुणाकडे मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. त्याच पाहणीत आपल्या महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या मुलींपैकी जवळजवळ 22 टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. सगळी लग्नं या भीतीने होत नाहीत, गरिबी आहे, ऊसतोड आहे, स्थलांतर आहे. पण ‘काही उलटसुलट व्हायच्या आत उरकून टाकू’ हे वाक्य आपण सगळ्यांनी मांडवात ऐकलेलं आहे. आणि मुलीला तर हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून धमकी देणाऱ्या पोराच्या हातातलं खरं शस्त्र आपणच असतो. ‘तुझ्या घरी सांगीन’ एवढंच त्याला म्हणावं लागतं.

सरकारने बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट केला, मानव विकासच्या निळ्या बस आणल्या, 2024 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. फी आणि पास दोन्ही असून मुलगी घरी बसली, तर हे एकदा तपासून बघायला हवं.

प्रेम करावं की नाही, कुणाशी करावं, यावर आमचं आज काहीच म्हणणं नाही. गटात त्यावर एकमत व्हायचं नाही, आणि त्याची गरजही नाही. मुलांच्या आयांनाही यात काम आहे. आपला पोरगा एका मुलीला दिवसाला चाळीस फोन लावतो हे घरात कळतं. ‘वय आहे’ म्हणून हसायचं, की त्याला बसवून ‘ती नाही म्हणाली ना, मग संपलं’ असं सांगायचं, हे त्याच्याच घरात ठरतं.

आता गटांनी काय करायचं तेवढं सांगतो. आपल्या मुली ज्या कॉलेजात जातात तिथे चार-पाच जणींनी मिळून जावं आणि विशाखा समितीचा बोर्ड कुठे आहे ते बघावं. त्यावर सदस्यांची नावं आणि फोन लागतात. बोर्ड जुना असेल, बदली झालेल्या मॅडमचं नाव असेल, तर प्राचार्यांना लेखी विचारावं. मुलीला तक्रार करायची असेल तर घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी चालू असताना त्याला तिच्यापासून दूर ठेवायला सांगता येतं, तिला रजा मागता येते, आणि त्या काळातला अभ्यास बुडू नये हे बघणं कॉलेजचं काम आहे.

मेसेज आणि फोटो रागाने किंवा लाजेने पुसून टाकू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट. फोटो पसरवायची धमकी असेल तर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी वेबसाइटवर तक्रार करता येते. अंगावर धावून येण्याची भीती असेल तर 112. सल्ला हवा असेल तर महिलांसाठी 181, अठराच्या आतल्या मुलींसाठी 1098. पोलीस ठाण्यात जाताना मुलीला एकटी पाठवू नका, बापालाही एकट्याला पाठवू नका; गटातली एक तरी बाई बरोबर असावी. अर्जात ‘छेडछाड’ किंवा ‘प्रेमप्रकरण’ असं लिहू नका. कधी, कुठे, काय केलं, काय म्हणाला, तिने नको म्हणून कधी सांगितलं, हे तारखेवार लिहा. पाठलाग, धमकी, मारहाण हे शब्द वापरा. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका.